भिंतीपासून चार फूट

गणपतराव भोयर सायन्स कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलांना भिंगं, लोलक, चुंबक काढून द्यायचे आणि तास संपला की पुसून परत कपाटात ठेवायचे, हे त्यांचं काम. नंदनवन वस्तीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं घर. घरात ते आणि त्यांची बायको शामला, दोघंच. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. मूल झालं नव्हतं, आणि त्याबद्दल बोलणंही आता थांबलं होतं.

१९७३च्या दिवाळीनंतर शामलाच्या खोकल्यातून रक्त पडलं. क्षय निघाला. छातीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज एक याप्रमाणे नव्वद सुया लिहून दिल्या.

"रोज इथे येण्याची दगदग नको. घरीच कुणाकडून तरी टोचून घ्या," ते गणपतरावांना म्हणाले. "फक्त एक लक्षात ठेवा. कान वाजायला लागले किंवा चालताना तोल जायला लागला, तर त्याच दिवशी मला सांगायचं."

गणपतराव शेजारच्या नर्सबाईंकडून सुई द्यायला शिकले. हात हलका होता. सकाळी पितळी पातेल्यात सिरिंज उकळायची, शामलाला सुई द्यायची आणि मग सायकलवर कॉलेजात जायचं, असं चालू झालं.

महिनाभराने, बत्तिसाव्या सुईच्या सकाळी, चहा गाळता गाळता शामला म्हणाली, "अहो, माह्या कानात रातकिडे बोलून राहिले. दिवसाढवळ्या. बंदच होत नाही."

"अशक्तपणा आहे तो," गणपतराव म्हणाले. "औषध लागू पडून राहिलं ना, म्हणून."

त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. विसरले म्हणून नव्हे. आदल्याच दिवशी शामलाचं वजन चार पौंड वाढलेलं निघालं होतं, ताप उतरला होता. गणपतरावांचे थोरले भाऊ दादाजी याच रोगाने गेले, तेव्हा गणपतराव एकोणीस वर्षांचे होते. भावाची शेवटची तीन आठवड्यांची धाप त्यांनी उशाशी बसून ऐकली होती. कान वाजतात म्हटलं, तर डॉक्टर सुई बंद करतील. सुई बंद झाली, तर ती धाप याही घरात येईल. त्यांनी पुढच्या अठ्ठावन्न सुया स्वतःच्या हाताने दिल्या.

शामलाचं फुप्फुस साफ झालं. कान गेले.

आधी कुकरची शिट्टी गेली. भात दोनदा करपला. मग दाराची कडी वाजलेली कळेनाशी झाली, मग रेडिओवरच्या बातम्या, मग माणसांचं बोलणं. अंधारात ती भिंतीला हात लावल्याशिवाय चालू शकत नव्हती. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की नस मेली आहे, यंत्राचा उपयोग नाही. यंत्र लावूनही पाहिलं. शामला डोकं धरून बसली, कारण आतली शिट्टी तेवढी दुप्पट झाली.

"अजून काही महिने ऐकणं उतरत जाईल," डॉक्टर म्हणाले. "मग जिथे थांबायचं तिथे थांबेल."

काही महिने. गणपतरावांनी हे दोन शब्द घट्ट धरले. म्हणजे अजून सगळं गेलेलं नाही. जे उरलंय ते थांबायच्या आत काहीतरी करायला हवं. कॉलेजच्या ग्रंथालयात ते दुपारची सुट्टी घालवू लागले. एका इंग्रजी मासिकात त्यांना सपाट लाऊडस्पीकरबद्दल लेख सापडला. नेहमीच्या पेटीतल्या कागदी भोंग्याऐवजी दाराएवढा पातळ पडदा. तो सगळाच्या सगळा एकदम हलतो, म्हणून माणसाचं बोलणं अक्षर न् अक्षर सुटं येतं, असं लिहिलं होतं. गणपतरावांनी तो लेख हाताने उतरवून घेतला.

सीताबर्डीवर मार्तंड नावाच्या मेकॅनिकचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. कॉलेजच्या यंत्रांचे नादुरुस्त भाग तो जोडून द्यायचा, त्यामुळे ओळख होती. त्याने लेख वाचला आणि आठ दिवसांत एक नमुना तयार केला. लाकडी चौकटीत थर्मोकोलचा मोठा पत्रा, आणि त्याच्या पाठीवर जुन्या स्पीकरची गुंडाळी चिकटवलेली.

"पाहा गा, बोलते का नाही," मार्तंड म्हणाला.

बोलत होतं, पण डब्यात तोंड घालून बोलावं तसं. गणपतरावांनी डोळे मिटून ऐकलं. 'स' आणि 'श' एकच वाटत होते.

"अक्षरं सुटी पाहिजेत, मार्तंडराव. तिले अक्षरंच समजत नाही."

मार्तंडने कान खाजवला. "मग असली माल पाहा. रामदासपेठेत घाटे डॉक्टर आहे. रिटायर सर्जन. त्यायनं विलायतेतून आणलेत असे पडदे. पुण्याले पोराकडे चाललेत ते आता, घर खाली करून राहिले."

डॉक्टर मधुसूदन घाटे यांच्या दिवाणखान्यात ते दोन पडदे होते. कमरेएवढ्या उंचीचे, तांबूस जाळीचे, किंचित बाक दिलेले, आखूड पायांवर उभे. लांबून पाहणाऱ्याला खोली उबदार ठेवायच्या विजेच्या शेगड्या वाटाव्यात. घाट्यांनी एका बाईच्या गाण्याची रेकॉर्ड लावली. सुरुवातीला तिने श्वास घेतला, आणि गणपतरावांनी दचकून मागे पाहिलं. खोलीत कुणी बाई उभी आहे असंच वाटलं.

"आत प्लास्टिकचा पापुद्रा आहे, सिगरेटच्या पाकिटावर असतो तसा," घाटे म्हणाले. "त्याला हजारो व्होल्टचा दाब द्यावा लागतो. माणसाचा आवाज यांच्याइतका खरा मी कुठे ऐकला नाही. पण खर्जाला कमी आहेत. मृदंग, ढोल यांत उतरत नाहीत. तुम्हाला कशासाठी हवेत?"

गणपतरावांनी सांगितलं. घाट्यांनी रेकॉर्ड बंद केली.

"सुयांनी गेलेल्या कानाला वरचे स्वर आधी सोडून जातात," ते म्हणाले. "उरतो तो खर्ज. हे पडदे नेमके उलटे आहेत, भोयर. तुमच्या पत्नीला जे ऐकू येत असेल, तेच यांत नाही."

"पण शब्द तर यातच आहे, डॉक्टरसाहेब."

घाट्यांनी वाद घातला नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. वापरणारा माणूस मिळाला एवढं मला पुरे, असं म्हणून त्यांनी पडदे देऊन टाकले. मार्तंडने स्वतःचा एक अॅम्प्लिफायर आणि स्पूलचा टेपरेकॉर्डर वापरायला दिला, आणि एप्रिलमध्ये सगळं रिक्षाने नंदनवनात आलं.

मग जागा ठरवणं सुरू झालं.

समोरची खोली दहा बाय बारा. पडद्यातून आवाज पुढूनही निघतो आणि मागूनही. भिंतीला टेकवले तर मागचा आवाज उलटून पुढच्याला खातो. घाट्यांनी कागदावर लिहून दिलं होतं : भिंतीपासून निदान चार फूट. म्हणजे पडदे खोलीच्या मधोमध आले. दिवाण मागच्या खोलीत गेला, टेबल अंगणात गेलं. फरशीवर आवाज घुमतो म्हणून सतरंज्या पसरल्या, समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या ठोकल्या. पडदे जरा आत वळवावे लागत. किती, ते ठरवायला गणपतरावांनी कॉलेजातून मोठा कोनमापक आणला. ज्या जागी दोन्हींचा आवाज बरोबर मिळतो, तिथे खडूने चौकोन आखला आणि त्यात शामलाची खुर्ची ठेवली.

शामला खुर्चीत बसायची. ते पडदा बोटभर सरकवायचे, धावत येऊन तिच्या तोंडासमोर ओठ मोठे हलवून विचारायचे, "आता?"

"हो," ती म्हणायची. "आता बरं आहे."

"मघापेक्षा?"

"हो. मघापेक्षा."

पहिल्यांदा ती हो म्हणाली, तेव्हा गणपतराव स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभे राहिले होते. मग त्यांना थांबताच येईना. कॉलेजातून आले की कपडे न बदलता पडदे सरकवायला लागत. सहा इंच पुढे, तीन इंच मागे. सतरंज्यांवर खडूच्या रेघांवर रेघा झाल्या. शामलाने जेवायला वाढलेलं गार होई.

एका रविवारी ते टेपरेकॉर्डर घेऊन कन्हानला गेले. शामलाची थोरली बहीण शोभाताई तिथे राहत होती, तिचा नवरा कोळशाच्या खाणीत कामाला होता. शोभाताईने यंत्रासमोर बसून पाच मिनिटं बोलून दिलं. घरी येऊन गणपतरावांनी ती टेप लावली.

"काय म्हणून राहिली ताई?" त्यांनी विचारलं.

शामला थोडी थांबली. "कन्हानले ये म्हणते," ती म्हणाली.

शोभाताईचं शेवटचं वाक्य तेच होतं. गणपतराव त्या दिवशी शेजाऱ्यांना सांगत सुटले, की शामलाचे कान परत येऊन राहिले.

मे महिना लागला. पारा पंचेचाळिसावर गेला. समोरच्या खोलीच्या खिडकीत कूलर होता, तो लावला आणि त्याच संध्याकाळी पडदे बिघडले. तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज येऊ लागला. मार्तंड येऊन पाहून गेला.

"हे कोरड्या हवेचे आहे, गणपतराव. कूलरची ओल लागली की अंदरची वीज झिरपते. असंच चाललं तर पापुद्रा जळून जाईन. आता कूलर ठेवा नाही तर हे ठेवा."

गणपतरावांनी कूलर बंद केला. रस्त्यावरचा गलका आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्याही लावल्या. भिंतीवरच्या गोधड्यांमुळे खोलीची भट्टी झाली. शामलाची तब्येत अजून भरली नव्हती. ती खडूच्या चौकोनात बसून राहायची, ब्लाउज पाठीला चिकटलेला, पदराने मान पुसत. एकदा तिने कूलरकडे बोट दाखवलं. गणपतरावांनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. तिने पुन्हा विचारलं नाही. ते स्वतः रात्रंदिवस मनात मोजत होते : डॉक्टर काही महिने म्हणाले होते, त्यातले दोन गेले.

महिनाअखेरच्या एका रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, गाण्यांची टेप चालू असताना शामलाचा चेहरा पांढरा पडला. गणपतराव घाबरले. तिला पाणी देऊन, टेप तशीच चालू ठेवून, ते कोपऱ्यावर बर्फ आणायला गेले. परत येताना त्यांना फाटकापासूनच आवाज ऐकू आला. तडतड, मधूनच चाबूक मारावा तसा कडाका, आणि त्याखाली गाणं पार बुडालेलं. त्यांनी दार ढकललं.

कूलर चालू होता. शामलाने उठून लावला असणार. ती वाऱ्याच्या झोतात, खुर्चीत, उघड्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. तिच्यापासून हातभर अंतरावर पडदा किंचाळत होता, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. मग दारातून आलेला उजेड तिच्या पायावर पडला. तिला तो दिसला. तिने लगेच डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ताल धरला.

गणपतराव दारातच उभे राहिले. फडक्यातला बर्फ वितळून त्यांच्या धोतरावर गळत होता. उजव्या पडद्यातून एक मोठा कडाका झाला, जळकट वास आला आणि तो गप्प झाला. त्यांनी पुढे जाऊन मेन स्विच बंद केला. सगळंच थांबलं. शामलाची बोटं मात्र मांडीवर चालूच होती.

त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. तिने डोळे उघडले.

"छान लागलं होतं," ती म्हणाली. "बंद काहून केलं?"

गणपतरावांनी जळका पडदा दाखवला, स्वतःच्या कानाला हात लावला, मग तिच्याकडे बोट केलं. शामलाला कळायला वेळ लागला नाही. तिने पडद्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"मले काहीच आयकू येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज आता नेहमी मोठा यायचा, कारण तो तिला स्वतःलाही कळत नसे. "तुम्ही हे आणलं, त्याच्या आधीपासूनच काही नाही."

"अन् ताईची टेप?" त्यांनी ओठ हलवून विचारलं.

"ताई दुसरं काय म्हणते कधी?" ती म्हणाली. "तुम्ही इतकं धावून राहिले होते. मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? मले भेव वाटे तुमचं. जीव देता का काय असं वाटे."

गणपतराव तिच्या पायांशी फरशीवर बसले. पाच महिने जे कुणाला बोलले नव्हते, ते आता पोटात राहीना. पण बोलून उपयोग नव्हता. एवढं मोठं वाक्य तिला ओठांवरून कळलं नसतं. त्यांनी सतरंजी बाजूला ओढली आणि खडूने फरशीवर लिहिलं :

*बत्तिसाव्या सुईला तू कान वाजतात म्हणाली होती. डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं की असं झालं तर सांगा. मी सांगितलं नाही.*

शामलाने वाकून वाचलं. सातवीपर्यंत शिकलेली होती, सावकाश वाचायची. पहिल्या वाक्यापाशी थांबली, परत पहिल्यापासून वाचलं. मग तिने विचारलं, "काहून?"

त्यांनी लिहिलं : *सुई बंद झाली असती. दादासारखं झालं असतं.*

"ते समजलं," ती म्हणाली. "मले इचारलं काहून नाही?"

गणपतरावांचा हात फरशीवर टेकलेला होता. खडू पकडलेला होता.

"छाती माही. कान माहे," शामला म्हणाली. "मी काय लहान पोर होती का, हो?" आणि मग ती रडायला लागली. एवढ्या मोठ्याने, की शेजारच्या नर्सबाई धावत आल्या. रडण्याचा तो आवाजही तिच्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून तो वाढतच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. गणपतराव बसस्टँडपर्यंत मागे मागे गेले. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. नर्सबाईंच्या हाताला धरून ती कन्हानच्या बसमध्ये चढली.

जूनपासून गणपतराव दर रविवारी कन्हानला जाऊ लागले. शोभाताई दारातच चहा द्यायची.

"ती येत नाही म्हणते, गणपतराव. चहा घ्या अन् जा."

"बरी आहे ना पण?"

"जेवते. झोपते. तुमचं नाव काढत नाही."

ते ओसरीवर तासभर बसायचे आणि परतीची बस पकडायचे. मधल्या काळात मार्तंड येऊन दोन्ही पडदे घेऊन गेला. एक तरी दुरुस्त होतो का पाहतो म्हणाला. गणपतरावांनी विचारलंही नाही. त्यांनी दिवाण पुन्हा समोरच्या खोलीत आणला नाही. ते खाली सतरंजीवरच झोपत. कॉलेजात त्यांच्या हातून दोन काचेच्या नळ्या फुटल्या. साहेबांनी रजा घ्यायला सांगितलं, पण घरी बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

पोळ्यानंतरच्या रविवारी शामला स्वतः बाहेर आली. हातात निवडायच्या तांदळाचं सूप होतं. ती त्यांच्यासमोर जोत्यावर बसली, उजेड त्यांच्या तोंडावर पडेल अशा बेताने, आणि खडे निवडत बोलू लागली.

"ताईसंगं कामठीच्या डॉक्टरकडे गेली होती मी. त्याले म्हटलं, कागदावर लिहून दे. बत्तिसाव्या सुईले थांबलं असतं तर काय झालं असतं? त्यानं लिहिलं, दुसरं औषध देता आलं असतं. रोग उलटला असता का नाही, ते कोणी सांगू शकत नाही."

गणपतरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मले वाटे, तुमच्यावर राग धरून बसू. बसली. पण राग धरून पोट भरत नाही." तिने एक खडा लांब फेकला. "मी सोताले इचारते. तुम्ही तेव्हा मले सांगतलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? सुई द्या म्हटलं असतं का? म्हटलंही असतं. मले मरायची लय भीती वाटत होती. पण आता ते कधीच समजणार नाही मले. माहं उत्तर तुम्हीच देऊन टाकलं."

गणपतरावांनी काहीतरी म्हटलं. तिला कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"हळू बोला. अन् रडू नका बोलताना, ओठ वाकडे होतात तुमचे."

त्यांनी तोंड पुसलं आणि तिसऱ्यांदा म्हटलं, "चुकलं माहं." या वेळी तिने मान हलवली, कळलं म्हणून. सूप उचलून आत गेली.

दिवाळी कन्हानलाच काढून ती नंदनवनात परतली. येते असं आधी कळवलं नाही. कॉलेजातून आल्यावर गणपतरावांना अंगणात वाळत घातलेलं लुगडं दिसलं, तेवढंच. तिचे कान पुढे कधीच परत आले नाहीत. कानातले रातकिडेही गेले नाहीत. ते आता माह्या संगंच मरतील, असं ती म्हणायची.

डिसेंबरात छातीच्या डॉक्टरांकडे तपासणीला जायचं होतं. नेहमीप्रमाणे गणपतराव तिच्यासोबत खोलीत जायला उठले. शामलाने त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि बाकाकडे बोट दाखवलं. ते बसले. ती भिंतीला हात लावत एकटीच आत गेली. दार लोटलं गेलं. आतून तिचा मोठा आवाज येत होता : "जे असन ते लिहून द्या. मी वाचते. अन् त्यायले बोलवायचं काम नाही."

मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आत डॉक्टर लिहीत असणार.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. हातात घडी घातलेले दोन कागद होते. गणपतराव उठून उभे राहिले. त्यांनी ओठ सावकाश हलवून विचारलं, "काय म्हणाले?"

"छाती साफ आहे," शामला म्हणाली.

एक कागद तिने त्यांच्या हातात दिला, त्यावर गोळ्या लिहिल्या होत्या. दुसरा पिशवीत ठेवला. त्यावर काय होतं ते गणपतरावांनी विचारलं नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही.